वाणाच्या साठ पर्स, चाळीस रुपये नग! क्रोशेच्या वस्तूंची किंमत कशी सांगता?

रेवा_डोंबिवली

नमस्कार मंडळी. इथे क्रोशेवाल्या बऱ्याच जणी आहेत, म्हणून हा धागा काढतेय. मी कानातले, गजरे, केसांच्या पिना, छोटे बटवे करून विकते. इन्स्टावर पान आहे आणि आसपासच्या सोसायट्यांच्या दिवाळी प्रदर्शनांत टेबल घेते. नोकरी सांभाळून चालतं सगळं, त्यामुळे विणकाम रात्रीचं.

आत्ता एका ताईंचा मेसेज आलाय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून त्यांना चेन लावलेल्या छोट्या पर्स हव्यात, साठ नग. बजेट नगाला चाळीस रुपये. माझ्या पानावर तीच पर्स १८० ला आहे. त्यांचं म्हणणं, "एकदम साठ घेतेय, होलसेल भाव लावा."

सूत, चेन, अस्तर मिळून माझे पंचवीसेक रुपये जातात. एका पर्सला पाऊण तास धरा. सरळ नाही म्हणवत नाहीये, कारण साठ घरांत माझी वस्तू जाईल, पुढे ऑर्डरी येतील असं वाटतं. किती सांगू? आणि एकूणच तुम्ही किमती कशा ठरवता?

हिशेबनीस

साठ पर्स गुणिले पाऊण तास म्हणजे ४५ तास. चाळीसातून पंचवीस वजा केले की नगामागे हातात १५ रुपये. तासाला २० रुपये पडतात. वीज, चहा आणि मानेचं दुखणं यात धरलेलं नाही.

घाऊक भाव कशामुळे परवडतो ते बघा. कारखान्यात साचा एकदाच बनतो, यंत्र एकदाच लावलं जातं, तो खर्च हजार नगांवर वाटला जातो. क्रोशेत साठावी पर्ससुद्धा पहिलीइतकाच वेळ खाते. हात बसतो हे खरं, पण त्याने दहा मिनिटांचं काम पाच मिनिटांत होत नाही. त्यामुळे जिथे खरोखर काही वाचतं तेवढीच सूट द्यायची: सूत एकगठ्ठा घेतल्यावर वाचलेले पैसे, साठ वेगवेगळ्या पार्सलांऐवजी एकाच पिशवीतून पोचवणं, फोटो आणि चॅटिंगचा वाचलेला वेळ. १८० चे १५५-१६० होतील. चाळीस होत नाहीत.

(मी स्वतः विणत नाही. बायको विणते, मी वह्या लिहितो.)

केतकी_नाशिक

हिशेबनीसांना अनुमोदन. आणि रेवा, "साठ घरांत वस्तू जाईल" यावर फार भिस्त ठेवू नकोस. वाणात आलेली वस्तू कुणी बनवली हे कोण विचारतं? लोक पिशवी घरी नेतात, तिळगूळ खातात, वस्तू कपाटात. जाहिरात व्हावीशी वाटत असेल तर प्रत्येक नगाला छोटा टॅग हवा, त्यावर तुझं नाव आणि पानाचा पत्ता. आणि टॅग राहू देणार हे त्या ताईंकडून आधी कबूल करून घे. काहींना तो नको असतो, "विकत आणल्यासारखं दिसतं" म्हणून.

सुईवाली_काकू

अगं रेवा, किंमत कशाला पाडतेस? वस्तू बदल.

चाळीस रुपयांत पर्स बसत नाही, पण फुलाची पिन बसते. बाजारात साध्या टिकटॅक पिना डझनावर मिळतात. २ मिमीची क्रोशेची सुई आणि जरा जाड सूत घे. ५ साखळ्यांचं कडं जोड. कड्यात १ मुका खांब (आखूड टाका), २ साखळ्या, ३ खांब (उंच टाके), २ साखळ्या, परत मुका खांब, ही झाली एक पाकळी. अशा पाच. मध्ये पिवळा मणी ओव आणि सुताच्या उरलेल्या शेपटानेच पिनेला शिवून टाक. गोंदाने चिकटवू नकोस. केसाला तेल असतं, चिकटवलेलं फूल महिन्याभरात सुटतं आणि नाव तुझं खराब होतं.

एक पिन आठ मिनिटांत होते. सूत, मणी, पिन मिळून फार तर सहा-सात रुपये. साठ पिनांचे आठ तास झाले, चाळीस रुपये रास्त आहेत आणि त्या बाईंचंही बजेट सांभाळलं जातं. वाणाला बजेट असतंच, त्यात त्यांची काही चूक नाही.

गप्पिष्ट

सगळ्यांची माफी मागून एक विचारतो. अशा क्रोशेच्या पर्स तुळशीबागेत साठ-सत्तर रुपयांत दिसतात. मग गिऱ्हाईक १८० का देईल? भावना बाजूला ठेवा, बाजार बाजाराच्या नियमाने चालतो.

मुकाखांब

गप्पिष्ट, तुम्ही बघितलेल्या साठ रुपयांच्या पर्समधल्या बऱ्याचशा मशीनवर विणलेल्या, क्रोशेसारख्या दिसणाऱ्या कापडाच्या असतात. टाका नीट बघा. खरं क्रोशे मशीनवर होत नाही. सुतीचं, लोकरीचं निटिंग होतं, लेस होते, क्रोशेची नक्कल होते, पण एका आकड्याने प्रत्येक टाका पुरा करत पुढे जाणारं विणकाम अजून हातानेच करावं लागतं.

आणि त्या ढिगात खरं क्रोशे असेल, तर साठ रुपयांत दुकानदाराचा नफा, वाहतूक, सूत हे सगळं भागवून विणणारीला काय उरलं असेल, ते तुम्हीच सांगा. कुठल्या तरी गावात कुठल्या तरी बाईने नगावर मजुरी घेऊन ते केलेलं असतं.

केतकी_नाशिक

हेच लिहायला आले होते. आमच्या नाशिकची गोदावरी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या, आंध्रातल्या नरसापूरला क्रोशे लेसचा मोठा धंदा आहे. मिशनरी बायकांनी एकोणिसाव्या शतकात शिकवलेलं काम. हजारो बायका घरी बसून विणतात आणि माल परदेशात जातो. २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मधले दलाल आणि नगावरची तुटपुंजी मजुरी हे दुखणं जुनंच आहे. बायका घरी बसून करतात म्हणून ते "काम" धरलंच जात नाही, "फावल्या वेळात करतात" असं म्हणून मजुरी पाडली जाते. आपल्याकडे दुसरं काय होतं?

गप्पिष्ट

मुद्दा पटला. मशीनचं माहीत नव्हतं.

रंगीत_लडी

थोडं कडवट लिहिते, राग मानू नका. भाव दलालांपेक्षा आपल्यातल्याच बायका जास्त पाडतात. "मला काय, टाइमपास म्हणून करते, सुताचे पैसे सुटले तरी बास" असं म्हणत मोठाले बटवे शंभर रुपयांना देतात. शेजारच्या टेबलावर बसलेली मी, माझं घर यावर चालतं. गिऱ्हाईक त्यांचा भाव ऐकून येतं आणि मला सुनावतं, "तिकडे तर शंभरला आहे."

सुईवाली_काकू

लडी, मीच त्या टाइमपासवाल्यांतली. पेन्शन आहे, पोरं परदेशात, हात रिकामे राहत नाहीत. माझ्यासारख्या आणखी पाचपन्नास असतील पुण्यात. त्यांना शत्रू समजू नकोस, त्यांना कुणी हिशोब सांगितलेलाच नाही. आमच्या पिढीत रुखवतात मांडायला विणायचं आणि पाहुण्यांना वाटायचं, विकायचं ठाऊकच नव्हतं. "एवढ्याशाचे पैसे काय घ्यायचे" हे वाक्य आमच्या तोंडी बसलेलं आहे.

हल्ली मी एक करते. प्रदर्शनात शेजारी कोणी पोट भरण्यासाठी विकणारी असेल तर आधी तिचे भाव विचारते आणि त्याखाली जात नाही. माल उरला तर वाटून टाकते. स्वस्तात विकण्यापेक्षा फुकट देणं बरं, त्याने कोणाचा धंदा बुडत नाही.

रंगीत_लडी

काकू, तुमच्यासारख्या सगळ्या असत्या तर हवंच काय होतं. माझा सूर जरा चढला होता.

पन्हाळकर_वहिनी

आमच्याकडं भाव करतातच, त्याला इलाज नाही. पण प्रदर्शनाचं एक सांगते. स्टॉलवर नुसतं बसू नका, विणत बसा. हातात अर्धवट फूल असलं की बायका थांबतात, लहान पोरं तर हमखास. "हे हातानं करता व्हय?" असं विचारलं की निम्मं काम झालं. पुढं किमतीवर कुरकुर कमी होते, कारण एक पाकळी व्हायला किती वेळ जातो ते त्यांनी उभ्या उभ्या बघितलेलं असतं.

आरसा विसरू नका. मोठा आरसा, हातातला नव्हे. कानातलं लावून बघितलं की दहातले सहा जण घेतात असा माझा अंदाज. आणि किमतीची चिठ्ठी प्रत्येक वस्तूवर हवी. विचारायला लाजणारे लोक चिठ्ठी नसली की पुढं जातात.

अबोली_गोवा

वहिनी, अगदी खरं. जोडीला टेबलाचं सांगते. क्रोशेचा माल टेबलावर आडवा पसरला की भाजीबाजार दिसतो, दोन पावलांवरून काहीच उठून दिसत नाही. लोखंडी जाळी उभी करून तिला टांगायचा. पिना कार्डावर लावायच्या, गजरे अंबाड्याच्या गोल उशीवर गुंडाळून ठेवायचे. पाहणाऱ्याला गजरा अंबाड्यावरच दिसायला हवा.

स्टॉल घेताना आयोजकांना भाड्याआधी तीन गोष्टी विचारा: दागिन्यांचे एकूण स्टॉल किती, दिव्याची सोय कुणाची, आणि मैदानात मोबाईलला रेंज आहे का. क्यूआर कोड लावलाय आणि पैसे जात नाहीत, अशाने संध्याकाळच्या गर्दीतली विक्री हातची जाते. सुट्टे पैसे जवळ ठेवाच.

रेवा_डोंबिवली

सगळ्यांचे खूप आभार! काकू, पिनेची आयडिया भारी आहे, आज रात्रीच करून बघते. त्या ताईंना दोन्ही फोटो पाठवते, १५५ ची पर्स आणि ४० ची पिन.

आणखी दोन प्रश्न. कानातले चार-आठ दिवसांत मऊ पडून लोंबतात, तुम्ही कडक कसे करता? आणि माझ्या भाच्यासाठी केलेला ससा बघून तिघींनी तसाच मागितलाय. खेळणी विकायला परवानगी वगैरे लागते का?

अबोली_गोवा

कानातल्यांचं मी सांगते. खळ, कांजी कोकण-गोव्यात चालत नाही. दमट हवेत ती परत मऊ पडते, वर झुरळं आणि कसर लागते. पांढरा फेविकॉल एक भाग, पाणी दोन भाग. कानातलं त्यात बुडवून, दोन बोटांत हलकं पिळून घ्यायचं. थर्माकोलवर प्लॅस्टिकचा कागद ताणून त्यावर प्रत्येक टोकाला टाचणी लावून आकार बसवायचा. टाचणी स्टेनलेस स्टीलचीच हवी. साध्या टाचणीचा गंज रात्रीत पांढऱ्या सुतावर उतरतो आणि तो डाग जात नाही. सावलीत पूर्ण वाळू द्यायचं, उन्हात रंग उतरतो. जास्त घट्ट द्रावण केलंत तर टाक्यांच्या भोकांत पापुद्रा धरतो, तो ओला असतानाच फुंकर मारून फोडायचा.

हूक सर्जिकल स्टीलचे घ्या, थोडे महाग पडतात. स्वस्त हुकांतल्या निकेलने पुष्कळ जणींचे कान चिघळतात आणि दोष आपल्या वस्तूला लागतो.

हिशेबनीस

खेळण्यांचं. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) मार्क सक्तीचा आहे, भरलेले ससे-अस्वलं त्यात येतात. पण विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट दिलेली आहे. म्हणजे वस्त्रोद्योग मंत्रालयाचं ते "पहचान" कार्ड. ते काढाच, मोफत आहे. त्याच कार्डावर गांधी शिल्प बाजारासारख्या सरकारी प्रदर्शनांत स्टॉलसाठी अर्ज करता येतो. पीएम विश्वकर्मा योजनेच्या मागे लागू नका, तिच्या १८ व्यवसायांत क्रोशे नाही.

कार्ड असो-नसो, सशाला मण्यांचे किंवा बटणांचे डोळे लावू नका. लहान मूल तोंडात घालतं. दोऱ्याने भरलेले डोळे करा.

जीएसटीचंही इथेच. वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पूर्वी ऑनलाइन बाजारपेठेच्या साइटवर एक वस्तू विकली तरी जीएसटी क्रमांक मागायचे. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना तिथे नोंदणीशिवाय विकता येतं, पॅनवर नावनोंदणी क्रमांक काढायचा. मात्र विक्री आपल्याच राज्यात हवी. परराज्यात पार्सलं जात असतील तर हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना वेगळी सवलत आहे, त्या यादीत तुमची वस्तू बसते का ते एकदा सीएला विचारा.

सरस_वाली

मी बचतगटातून विकते, म्हणून थोडी भर घालते. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात "उमेद"कडून (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाकडून) गटांना स्टॉल मिळतो, एकट्या व्यक्तीला नाही. गावाकडच्या बायकांनी गटात राहून अर्ज करावा. पुण्याच्या भीमथडी जत्रेलाही गर्दी चांगली असते, डिसेंबरात थंडी पडलेली असते, त्यामुळे टोप्या, मफलर खपतात. मुंबईला लोकरीचं काहीही नेऊ नका बायांनो, तिथे हात लावून बघतात आणि गरम होतं म्हणतात. मुंबईला सूत न्या.

ताटवा_न्यूजर्सी

काय सुंदर धागा! मी इथल्या क्राफ्ट मार्केटमध्ये आणि दिवाळी मेळ्यात टेबल घेते. इथे सगळ्यात जास्त काय खपतं सांगू? क्रोशेचा मोगऱ्याचा गजरा. भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलींच्या आया घेतात. खरा गजरा मिळत नाही, प्लॅस्टिकचा स्टेजच्या दिव्यात चमकतो. सुताचा चमकत नाही, केसांत बसतो आणि धुऊन पुढच्या कार्यक्रमाला परत वापरता येतो.

मोठ्या सभागृहांतले मेळे मी सोडले, भाड्यातच सगळं जातं. शाळा-चर्चच्या छोट्या मेळ्यांत भाडं कमी आणि लोक निवांत असतात.

भारतातून इथे पाठवणाऱ्यांसाठी: ऑगस्ट २०२५ मध्ये ८०० डॉलरपर्यंतची जकातमाफी गेली, त्यामुळे छोट्या पार्सलवरही आता जकात लागते. एट्सीवर (हस्तकलेच्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारावर) विकणार असाल तर तो खर्च कोण देणार हे वस्तूच्या माहितीतच लिहा. एट्सीचं स्वतःचं म्हणाल तर दर लिस्टिंगला (वस्तू विक्रीला मांडायला) २० सेंट, चार महिन्यांसाठी, आणि विक्रीवर साडेसहा टक्के. हे टक्के टपालखर्चावरही कापतात, तेवढं किमतीत धरा. पैसे पोचते करण्याचं शुल्क वेगळं.

रंगीत_लडी

ऑनलाइनचं माझ्याकडूनही थोडं. "प्राइस प्लीज" म्हणून विचारून गायब होणाऱ्यांसाठी फोटोतच किंमत लिहा. निम्मे पैसे हातात आल्याशिवाय ऑर्डरीच्या वस्तूला सुई लावायची नाही. नाव विणलेल्या, ठरावीक रंगाच्या वस्तू परत घेत नाही हेही आधीच कळवायचं. पोचल्यावर पैसे ही सोय मी बंद केली. पार्सल फिरून परत आलं की दोन्ही बाजूंचं भाडं आपल्या माथी.

फोटो खिडकीच्या उजेडात, सकाळी. ट्यूबलाइटखाली मोतिया रंग हिरवट दिसतो, आणि मग "फोटोत वेगळा होता" ऐकावं लागतं. वस्तू हातात धरलेला एक फोटो हवाच, त्याशिवाय आकार कळत नाही. माझा बटवा बघून एकीला तो झोळीएवढा वाटला होता.

केतकी_नाशिक

आणि एका ऑर्डरीचं सूत एकदमच घ्यायचं. गुंडीच्या कागदावर लॉट नंबर असतो, तो जुळवून. तोच रंग, तोच क्रमांक, पण लॉट वेगळा असला की छटा बदलते. हातात कळत नाही, बाहेर उजेडात कळते. लाल, मरून सूत आधी मिठाच्या पाण्यात भिजवून रंग सुटतो का बघा. पांढऱ्याशेजारी लाल विणलंत तर हे कराच.

गप्पिष्ट

वाचनखूण साठवली आहे. बायकोला दाखवला धागा, ती म्हणाली, "हे तुला सांगून दमले होते मी."

मुकाखांब

बटवे विकणाऱ्यांनो, पट्ट्याकडे लक्ष द्या. नुसत्या विणलेल्या पट्ट्यात मोबाईल आणि पाण्याची बाटली आली की तो वीतभर लांबतो. आतून नायलॉनची पट्टी शिवून घ्या. शेवटचं टोक लपवताना एका दिशेने ओवून कापू नका. एकदा पुढे, एकदा उलट, परत पुढे असं नेऊन मग कापा. पहिल्या धुण्यात उसवलेली वस्तू घेतलेलं गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.

रेवा_डोंबिवली

अपडेट! त्या ताईंना दोन्ही फोटो पाठवले. पर्स नको म्हणाल्या, पिना आवडल्या. पण साठ नाही, चाळीसच घेतल्या, उरलेल्यांना म्हणे स्टीलच्या वाट्या. टॅगला हो म्हणाल्या आणि निम्मे पैसे आलेसुद्धा. अट एकच, पिना काळ्या हव्यात आणि मध्ये पांढरा मणी, संक्रांत म्हणून.

आता नवीन डोकेदुखी. रात्री दिव्याखाली काळं सूत विणताना टाकाच दिसत नाही! ज्या काळ्यात करतात त्यांनी उपाय सांगा प्लीज.

पन्हाळकर_वहिनी

मांडीवर पांढरा पंचा अंथरा, सुताच्या भोकांतून तो दिसतो. आणि सुई फिकट रंगाची घ्या, काळ्यात स्टीलचीही चालते पण लखलखते.

सुईवाली_काकू

गळ्यात अडकवायचा छोटा एलईडी दिवा मिळतो, वाचनासाठी असतो तो. मी त्यावरच करते. आणि रेवा, काळ्या पिना सगळ्या आठवडाभर आधी संपव, हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, मागून "अजून दहा द्या" येणारच.